चांदणीआडचं मीटर

"लायल, फ्रीजचं दार लाव! आजोबा बघतील!" अडेला दबक्या आवाजात ओरडली.

तिच्या धाकट्या भावाने, लायलने, डोकं फ्रीजमधून बाहेर काढलंच नाही. "मी काही खात नाहीये. मी फक्त इथे राहायला आलोय."

त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. बाहेर टेक्सासचा जुलै रणरणत होता आणि आत एसी बंद, पंखा बंद, दिवाही बंद! ह्रुस्का आजोबांचा दंडकच होता तसा. त्यांनी विजेची जी योजना घेतली होती, तीत रात्री नऊनंतर वीज फुकट आणि दिवसा मात्र सोन्याच्या भावाने. पश्चिमेकडच्या पवनचक्क्यांना रात्रीच जोर चढतो, मग ती वीज खपवायला कंपन्या असली गाजरं दाखवतात. पेकन बेंडच्या वसाहतीत निम्म्या घरांनी हे गाजर खाल्लं होतं. नऊ वाजले रे वाजले की गल्लीभर कपडे धुण्याची यंत्रं घरघरायला लागत. आजोबा तर दुपारी घरात थांबतच नसत. वाचनालयात फुकटचा गारवा असतो, म्हणून टोपी घालून तिकडे जाऊन बसत.

आणि तरीही आजोबांचं बिल गल्लीत सगळ्यांत मोठं येत होतं. तेही भर दिवसाच्या वापराचं!

अडेलाच्या मनात पाल चुकचुकत होती ती वेगळ्याच कारणाने. सुट्टीसाठी इथे सोडताना आईने तिला बाजूला घेतलं होतं. "आजोबांवर लक्ष ठेव," ती म्हणाली होती. "ते म्हणतात एसी बंद असतो, बिल म्हणतं चालू असतो. मला वाटतं, ते लावतात आणि विसरतात. उद्या गॅस चालू ठेवून विसरले तर? शनिवारी मी येते. डॅलसच्या वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली आहे."

म्हणजे अडेला इथे सुट्टीला आली होती की हेर म्हणून? तिला स्वतःचाच राग येत होता. पण लक्ष तर ती ठेवत होतीच. म्हणूनच तिला ती निळी चिकटपट्टी दिसली. एसीच्या बटणावर आडवी, घट्ट चिकटवलेली.

"आजोबा, ही पट्टी कशाला?"

"ते होय?" आजोबांनी नजर चुकवली. "धूळ जाते आत." आणि टोपी उचलून ते वाचनालयाकडे निघून गेले.

बटणात कसली धूळ जाणार! आजोबा खोटं बोलत होते. पण का?

* * *

पेकनच्या झाडाखाली चेमा किरोगा वाट बघतच होता. त्याच गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एक नंबरच्या घरात तो राहायचा आणि त्याची आई ओरालिया अंगणातच बर्फाचे गोळे विकायची. चेमाच्या हातात हिरवट गोळा होता.

"काकडीच्या लोणच्याच्या पाण्यातला!" त्याने लायलपुढे धरला. "खा. शूर असशील तर."

"मी शूर नाहीये, मी उकडलोय," म्हणत लायलने अर्धा गोळा एका दमात फस्त केला.

तेवढ्यात गल्लीत एक हिरवा सदरा अवतरला. गळ्यात ओळखपत्र, काखेत टॅबलेट आणि चेहऱ्यावर दात दाखवणारं हसू.

"केंडल!" चेमा कुजबुजला. "वीज विकतो. दारोदार फिरून बिलं मागतो आणि कधीकधी लोकांची कंपनी त्यांना न विचारताच बदलून टाकतात हे लोक!"

"आजोबांची बदलली असेल तर?" अडेलाचे डोळे चमकले. "लायल, तू बावळट हो."

"त्याला काही वेगळं करावं लागेल का?" चेमाने विचारलं.

लायल त्याच्याकडे दुर्लक्ष करून केंडलसमोर जाऊन उभा राहिला. "आमचं बिल खूप येतं हो! तुमच्याकडे कुठली वीज आहे?"

"शंभर टक्के वाऱ्याची, बाळ!"

"आणि आजोबांच्या घरी येते ती?"

"कोण जाणे! कोळसा, गॅस, काय वाटेल ते."

"पण तार तर एकच आहे! मग वाऱ्याची वीज आमची तार कशी ओळखते?"

केंडलचं हसू जरा आखडलं. "अं... तो हिशेब वरच्या वर होतो. तू बिल आण बघू."

अडेलाने बिल आणलं. मात्र हातातून सोडलं नाही, लांबूनच दाखवलं. केंडलने त्यावर नजर फिरवली आणि मान हलवली. "कंपनी तीच, योजना तीच. आम्ही हात लावलेला नाही. उगाच माझ्याकडे असं बघू नकोस! चला, मीटर बघू."

गल्लीच्या टोकाला एका फळीवर चार घरांची मीटरं ओळीने बसवलेली होती. वसाहतीचे व्यवस्थापक डब रॅटलिफ यांनी त्यांच्या झाकणांवर टेक्सासचा झेंडा रंगवला होता. डावीकडच्या पहिल्या झाकणावर निळ्या रंगात पांढरी चांदणी, उरलेल्या तिन्हींवर वर पांढरा पट्टा, खाली लाल. येणारा-जाणारा त्याच्यासमोर उभा राहून फोटो काढायचा आणि मिस्टर डब जवळच कुठेतरी घुटमळत असायचे.

केंडलने बिलावरचा मीटरचा क्रमांक वाचला आणि झाकणांमधल्या काचेतून एकेक मीटर तपासलं. "हे बघ, चांदणीवालं तुमचं. बापरे! आकड्यांखालचे हे काळे चौकोन पळताना दिसतात? जितके जोरात पळतात, तितकी वीज जास्त. तुमच्या घरात एसी नुसता गर्जत असणार!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. घरात एसी गर्जत नव्हता. घरात फक्त फ्रीज होता, आणि लायल बाहेर असल्याने तोही निवांत होता!

* * *

"कोणीतरी वीज चोरतंय," अडेला म्हणाली. "खात्री करून घेऊ."

ती घरात गेली, कोरड्या हातांनी मुख्य बटण खाली ओढलं आणि फ्रीजची घरघर थांबली. मग तिघं धावतच मीटरपाशी आले. आता घरात एक दिवाही लागला नसता.

चौकोन पळतच होते!

लायलचा आवाज एकदम बारीक झाला. "भूत?"

"भुताला कशाला लागते वीज?" अडेला म्हणाली खरी, पण तिच्याही अंगावर काटा आला. इतक्यात ओरालियाच्या अंगणातलं बर्फाचं यंत्र धडधडलं आणि चौकोन सुसाट सुटले. यंत्र थांबलं, चौकोन मंदावले. पुन्हा धडधड, पुन्हा सुसाट.

अडेला हळूच चेमाकडे वळली. "चेमा, तुमचं बिल या वर्षी किती कमी येतं, ते तुझी आई सगळ्या गल्लीला सांगत असते ना?"

"हो मग? नवीन कंपनी चांगली आहे!"

"की आजोबांची तार चांगली आहे?"

चेमाचा चेहरा गोळ्यावरच्या सरबतासारखा लालभडक झाला. "माझी आई चोर आहे म्हणतेस? तुझे आजोबा वाचनालयात जाताना रोज तिच्याकडून गोळा घेतात, पैसे द्यायचं विसरतात. आई कधी बोलली का?"

"आजोबा काही विसरत नाहीत!" अडेला जिवाच्या आकांताने ओरडली.

असं ती इतकं मोठ्याने का ओरडली, ते तिचं तिलाच माहीत होतं. कारण आतून तिलाही भीती वाटत होती.

"थांब, दाखवतोच तुला!" चेमा तरातरा घरात गेला आणि त्याने स्वतःच्या घराचं मुख्य बटण बंद केलं. यंत्र गप्प झालं. आतून ओरालियाची किंकाळी आली, "चेमाऽऽ! बर्फ वितळतोय माझा!"

पण चेमाला ऐकूच आलं नाही. तो परत येऊन मीटरसमोर खिळून उभा राहिला होता. चांदणीच्या झाकणामागचे चौकोन गप्प बसले होते.

"आमचं घर बंद केल्यावर तुमचं मीटर थांबलं," तो पुटपुटला. "अडेला, आईने नाही गं केलं. शप्पथ."

त्याचे डोळे भरून आलेले बघून अडेलाला वाईट वाटलं. चोर असता तर तो स्वतःहून बटण बंद करायला गेलाच नसता, हे तिला आत्ता सुचत होतं.

"इथे काहीतरी टोचतंय," मधेच लायल म्हणाला. तो झाकणांवरून चिकट बोट फिरवत होता. "रंगाखाली पत्र्याचे आकडे आहेत. चांदणीवर चार. मग दोन. मग तीन. मग एक. आमच्या वर्गात असं मोजलं तर बाई बाकावर उभं करतात."

अडेलानेही बोट फिरवलं. खरंच की! चार, दोन, तीन, एक! रंगाला रंग मिळून गेला होता आणि झेंडा बघायच्या नादात आकड्यांकडे कुणाची नजरच गेली नव्हती.

"झाकणांची अदलाबदल झालीय," ती म्हणाली. "चांदणीवालं मीटर खरं तर एक नंबरचं. तुमचं! आणि त्या टोकाचं आमचं, चार नंबरचं."

"वसंतात तारांच्या कंपनीचा, म्हणजे तारा आणि मीटरं सांभाळणाऱ्या कंपनीचा, माणूस नवीन मीटरं बसवायला आला होता," चेमाला आठवलं. "झाकणावरचा आकडा वाचून तो टॅबलेटमध्ये टिपत होता!"

तिघं थेट मिस्टर डबच्या कचेरीत धडकले आणि त्यांनी आकड्यांची गोष्ट सांगितली. मिस्टर डब पंख्यासमोर पाय पसरून बसले होते.

"माझ्या झेंड्याला हात लावाल तर याद राखा," ते ऐकून न ऐकल्यासारखं करत म्हणाले. "मीटरं बरोबर आहेत. बिल जास्त येतंय? म्हाताऱ्याच्या लक्षात राहत नाही, झालं! पळा, खेळा जा."

"सर, एकदा झाकण उघडून तरी..."

"पळा म्हटलं ना!"

* * *

शनिवारी सकाळी आई आली. येताना रिकामी खोकी घेऊन आली. अडेला सगळं सांगायला लागली तर आई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "तुला आजोबा आवडतात, मला कळतं गं." मोठी माणसं असं बोलायला लागली की समजावं, ऐकत नाहीयेत.

आजोबा खुर्चीत मुकाट बसले होते. ते भांडलेसुद्धा नाहीत. अडेलाला तेच सहन होईना. "आजोबा, तुम्ही सांगा ना तिला!"

"काय सांगू?" ते खालमानेने म्हणाले. "ती पट्टी धुळीसाठी नव्हती, पोरी. मलाच माझा भरवसा वाटेना. मी विसरून एसी लावत असेन तर पट्टी फाटेल, असं म्हटलं. रोज संध्याकाळी बघतो. फाटलेली नसते. पण मग वाटतं, फाटली असेल आणि मीच दुसरी लावून विसरलो असेन."

आईच्या हातातलं खोकं तसंच राहिलं. अडेलाने डोळे पुसले आणि ती बाहेर पळाली.

"चेमा, लायल! मिस्टर डबना आपण झाकण उघडायला सांगायचं नाही. त्यांनी आपणहून उघडलं पाहिजे!"

पाच मिनिटांत तिघं मीटरच्या फळीसमोर माना वाकड्या करून उभे राहिले. केंडलही फिरत फिरत आला होता, त्यालाही लायलने शेजारी उभं केलं.

"वाकडी आहे," अडेला मोठ्याने म्हणाली.

"चांगलीच वाकडी!" चेमाने री ओढली. "शेजारच्या ओक्लाहोमा राज्यातल्या माणसाने काढल्यासारखी!"

मिस्टर डब घुटमळत होतेच. बाण वर्मी लागला. "काय वाकडं आहे?"

"चांदणी, सर. हे केंडलसाहेब फोटो काढून कंपनीच्या पानावर टाकणार होते. पण वाकडी म्हटल्यावर..."

केंडलने तोंड उघडलं, तेव्हा लायलने त्याच्या बुटावर पाय दिला.

"वाकडी? माझी चांदणी?" मिस्टर डब लालबुंद झाले. ते स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. तोवर ओरालिया आली, गल्लीतली माणसं जमली, आजोबांचा हात धरून आईसुद्धा आली. मिस्टर डबनी झाकण उचललं.

मागच्या जुन्या लोखंडी चौकटीवर ठळक आकडा कोरलेला होता. एक!

"आणि झाकणावर बोट फिरवून बघा, सर," अडेला म्हणाली. "तिथे चार आहे."

मिस्टर डबनी बोट फिरवलं. शेवटचं झाकण उघडलं. त्यामागच्या चौकटीवर होता चार! मिस्टर डबच्या तोंडचं पाणी पळालं.

"झाकणं गवतावर मांडून रंगवली होती," ते चाचरत म्हणाले. "मांडताना ओळ उलटी लागली होती, त्यामुळे चांदणी शेवटच्या झाकणावर आली. बसवताना बघतो तर चांदणी उजवीकडे! झेंड्याची चांदणी उजवीकडे, टेक्सासमध्ये! लोकांनी मला राज्याबाहेर हाकललं असतं. म्हणून पहिलं झाकण शेवटी लावलं आणि शेवटचं पहिलं."

"आणि आकडे?" आईने विचारलं.

"आकड्यांचं काय... माझ्या लक्षातच राहिलं नाही."

"लक्षात राहिलं नाही!" आई एकेक शब्द तोडत म्हणाली. "आणि वृद्धाश्रमात माझ्या बाबांना टाकणार होते मी!"

ओरालिया पुढे झाली. "ह्रुस्का, तुमची वीज मी महिनोन्‌महिने बर्फात घातली हो! मला वाटलं, कंपनीच देवमाणूस निघाली. तुमचं जे काही गेलं ते सगळं मी भरून देईन."

"त्यातलं अर्धं माझ्याकडून," मिस्टर डब खाली बघून म्हणाले. "तारांच्या कंपनीला आत्ताच फोन करतो. आणि पोरांनो... मी तुम्हाला पळा म्हटलं होतं ना? तुम्ही नाही पळालात, बरं केलंत."

"आमच्या कंपनीत काम कराल का?" केंडलने लंगडतच विचारलं.

"तुमच्याकडे लोणच्याचा गोळा मिळतो?" लायलने विचारलं आणि ओरालियाने त्याला तिथल्या तिथे कडेवर उचललं. चेमा अडेलाकडे बघत उभा होता. "सॉरी," ती म्हणाली. "तुझ्या आईबद्दल बोलले ते." चेमाने खांदे उडवले. "तीसुद्धा ऐकून हसली. पण गोळा तू विकत घ्यायचास. आठवडाभर!"

आई आजोबांपाशी गेली. "बाबा, मी तुमच्यापेक्षा त्या कागदावर विश्वास ठेवला."

"मीसुद्धा तेच केलं की," आजोबा म्हणाले.

ते घरात आले. दुपार तापली होती, वीज सोन्याच्या भावाची होती. आजोबा एसीपाशी जाऊन उभे राहिले आणि त्यांनी निळी पट्टी टोकाला धरून एका झटक्यात ओढून काढली.

"आजोबा, आत्ता? नऊ वाजायला अजून खूप वेळ आहे!" लायल ओरडला.

"माझ्या लक्षात आहे," आजोबा म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं.