गाडीखालच्या खडूच्या खुणा

नेव्हिल ट्रेझाइसला आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखता यायचं. सी लेक या छोट्या गावाच्या मुख्य रस्त्यावर, गव्हाच्या उंच कोठारांच्या अलीकडे, चव्वेचाळीस वर्षं त्याचं गॅरेज होतं. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ तो कानामागच्या हाडाला टेकवायचा, टोक चालू यंत्राला लावायचा आणि डोळे मिटून उभा राहायचा. दोन मिनिटांनी बेअरिंग गेलंय की दात झिजलेत ते सांगायचा. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीही त्याचा अंदाज चुकत नसे. बायको मर्ल मात्र वर्षभर त्याच्या मागे लागली होती, कान तपासून घे म्हणून. जेवायच्या टेबलावर हाका मारल्या तर ऐकू येत नाहीत, आणि रस्त्यावरून गेलेल्या ट्रकचा पट्टा सैल झालाय हे बरं कळतं, असं तिचं म्हणणं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ग्लेनिस नोस्के आपली स्टेशन वॅगन घेऊन आली. गाडी बासष्ट सालची, खाली हिरवी, वर सायीच्या रंगाची. ग्लेनिस गावातल्या शाळेत पस्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली, अविवाहित, नेव्हपेक्षा एक वर्षानं लहान. गाडी तिच्या भावाची, क्लेमची. त्यानं ती कुणाच्या तरी गोठ्यातून, कोंबड्यांनी अंडी घातलेल्या अवस्थेत आणली आणि अकरा वर्षं खपून उभी केली. दोन हिवाळ्यांपूर्वी तो फुप्फुसांच्या दुखण्यानं हॉस्पिटलातच वारला. तेव्हापासून ग्लेनिस दर बुधवारी ती चालवत स्वॉन हिलला जायची, बाजार करून परत यायची. नुसती उभी राहिली तर गाडी मरते, एवढं तिला भावाकडून कळलं होतं.

मागून आवाज येतोय, ती म्हणाली. मागच्या बुधवारी परत येताना खाऱ्या सरोवराजवळ धुळीचं वादळ आलं. पुढचं काही दिसेना म्हणून तिनं गाडी कडेला घेतली. मागचं दार उघडून कोट काढला, अर्धा तास थांबली आणि निघाली. तिथपासून आवाज.

नेव्ह तिच्या शेजारी बसून सरोवराच्या रस्त्यानं जाऊन आला. आवाज होता. एक ठोका, मग काहीतरी घासल्यासारखं, मग पुन्हा ठोका. डाव्या मागच्या कोपऱ्यातून. त्याला बरं वाटलं. असं दुखणं त्याच्या ओळखीचं होतं. चाकाचं बेअरिंग, त्यानं सांगितलं.

गाडी लिफ्टवर चढवून त्यानं जिथून आवाज येत होता तिथं खालच्या पत्र्यावर खडूनं फुली मारली आणि शेजारी तारीख लिहिली. ही त्याची जुनी सवय. बेअरिंग काढलं, तर ते ठणठणीत होतं. तरी बदललं.

पुढच्या बुधवारी आवाज होताच. फक्त आता कोपऱ्यात नव्हता, हातभर पुढे आला होता. नेव्हनं दुसरी फुली मारली, मागची चाकं फिरवणारा डिफरन्शियल उघडला, त्यातली बेअरिंगं बदलली. तिसऱ्या बुधवारी आवाज आणखी हातभर पुढे. त्यानं मधला शाफ्ट काढून त्याचे सांधे बदलले.

चौथ्या आठवड्यात त्याला एक गोष्ट खटकली. खरं तर पहिल्याच दिवशी खटकायला हवी होती. चाकांशी जोडलेला कुठलाही भाग गाडीच्या वेगाबरोबर बोलतो. वेग वाढला की ठोके जलद, कमी झाला की संथ. हा आवाज ताशी चाळीसला जितका सावकाश होता तितकाच नव्वदला. घड्याळ लावून त्यानं तीनदा मोजलं. गाडी थांबली की आवाज थांबायचा, चालू झाली की पहिल्याच गतीनं सुरू व्हायचा.

मग त्यानं मधला शाफ्ट काढूनच ठेवला. आता इंजिनाचा आणि चाकांचा काही संबंध उरला नाही. ग्लेनिसला स्टिअरिंगवर बसवून, दोर बांधून, त्यानं आपल्या पिकअपनं वॅगन गावाबाहेर ओढत नेली. दोन किलोमीटरांवर थांबून मागे चालत आला. ग्लेनिसनं काच खाली केली.

"आहे?" त्यानं विचारलं.

"आहे."

"इंजिन बंद होतं ना?"

"नेव्ह, किल्ली तुझ्या खिशात आहे."

त्या दिवशी गाडी लिफ्टवर घेऊन तो खाली बराच वेळ वर बघत उभा राहिला. खडूच्या चार फुल्या होत्या. दोन फुल्यांमधलं अंतर सगळीकडे सारखं. त्यानं त्यांच्यावरून दोरी ताणून धरली. फुल्या एका रेषेत होत्या, पण ती रेषा शाफ्टच्या बाजूनं जात नव्हती. डाव्या मागच्या कोपऱ्यातून निघून ती तिरकी, उजव्या पुढच्या दिव्याकडे चालली होती. वाटेत पेट्रोलची टाकी होती, नुसता पत्रा होता, जिथं हलणारा एकही भाग नाही अशा जागा होत्या. तो आवाज गाडीच्या कशाशीही बांधलेला नव्हता. गाडी त्याच्या वाटेत होती इतकंच.

नेव्हनं दोरी गुंडाळून खिशात टाकली. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मर्लनं मटण भरलेल्या पेस्ट्रीचा तुकडा त्याच्या ताटात घातला आणि त्याच्या हाताकडे बघितलं. तो चमचा टेबलावर वाजवत होता. ठोका, मग चमचा ओढायचा, मग ठोका.

"हे कोण लंगडतंय?" मर्लनं विचारलं.

नेव्हनं चमचा खाली ठेवला. क्लेम नोस्के तरुणपणी ट्रॅक्टरखाली सापडला होता. तेव्हापासून तो डावा पाय कायम ओढत चालायचा. गॅरेजच्या सिमेंटवर तो येताना ऐकू आला की, वर न बघता, नेव्ह चहाची किटली चालू करायचा. इतक्या वर्षांचा ओळखीचा आवाज आपल्याला चार आठवडे ओळखता आला नाही, की ओळखायचा नव्हता, ते त्याचं त्यालाच कळेना.

सकाळी तो ग्लेनिसच्या घरी गेला. तिनं चहा ओतला, लॅमिंग्टन केकची बशी पुढे सरकवली. गॅरेजमधला माणूस गाडीबद्दल बोलतो तसं त्यानं सगळं सांगितलं. अंतर, वेग, तिरकी रेषा. क्लेमचं नाव त्यानं घेतलं नाही. तिनं घेतलं.

"मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं," ती म्हणाली.

"मग माझ्याकडे आणलीस कशाला?"

"तू काहीतरी सैल झालंय म्हणालास तर बरं होईल, असं वाटलं होतं." ती बशीकडे बघत राहिली. "आणि नाही म्हणालास तरीही."

दर बुधवारी आपण त्याच्याशी बोलतो, हेही तिनं सांगितलं. स्वॉन हिलमध्ये काय महाग झालंय, कुणाची नात कुठं शिकायला गेली. शेवटच्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये तो बोलू शकत नव्हता आणि ती त्याच्यासमोर नुसती विणत बसायची. तेव्हाचं सगळं उरलेलं आता बोलून घेत होती. नेव्हनं आता काही बदलू नये, फक्त शाफ्ट परत बसवून द्यावा, अशी तिची विनंती होती.

नेव्हनं शाफ्ट बसवून दिला. पण हिशोब त्याच्या डोक्यातून जाईना. पाचवी फुली मागच्या सीटखाली पडली. त्याच रेषेत, तितक्याच अंतरावर, सहावी येणार होती ती ड्रायव्हरच्या सीटवर. म्हणून त्या बुधवारी गाडी आपण चालवू, असं त्यानं तिला बजावलं. ती हट्टाला पेटली. शेवटी तो म्हणाला की त्या सीटवर काय होईल ते मला कळत नाही, आणि जे मला कळत नाही त्यावर मी गिऱ्हाईक बसवत नाही. तेव्हा ती शेजारी जाऊन बसली.

सकाळचे अकरा वाजले होते. आकाश स्वच्छ, दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या गव्हाचे खुंट, मधूनमधून माळावरची बुटकी झाडं. डाव्या हाताला सरोवराचं पांढरं मीठ चमकत होतं. नेव्हनं गाडी सत्तरवर ठेवली.

ठोका पाठीमागून आला.

मग घासल्याचा आवाज. मग तो सीटच्या आत आला, मग त्याच्या आत.

दुखलं नाही. धक्का बसला नाही. तोंडात मिठाची चव आली, एवढंच. छातीच्या मधोमध, आपल्या काळजाच्या ठोक्याशी न जुळणारा दुसरा एक ठोका त्याला ऐकू येत होता. हात स्टिअरिंगवर होते. ते आपलेच आहेत हे बघून घ्यावंसं त्याला वाटलं.

ग्लेनिस त्याच्याकडे बघत होती.

"क्लेम?" ती हलकेच म्हणाली.

तोंड उघडलं तर काय बाहेर येईल याची नेव्हला खात्री नव्हती. स्वॉन हिल येईपर्यंत त्यानं दात घट्ट आवळून धरले होते.

सातव्या आठवड्यात आवाज पायांच्या पॅडलांपाशी गेला, आठव्या आठवड्यात इंजिनात. नेव्ह दर वेळी सोबत जायचा. नवव्या बुधवारी आवाज उजव्या दिव्याच्या काचेमागे होता, आणि वाटेतच, सरोवराच्या वळणावर, काचेबाहेर पडला. दोघांनाही एकदमच कळलं. ग्लेनिस गाडी चालवत होती. तिनं कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

त्या दिवशी आवाज थांबला नाही. पुढे, मोकळ्या रस्त्यावर, तो चालू राहिला. ठोका, घासणं, ठोका.

ट्रकमधून सांडलेले दाणे टिपायला गुलाबी काकाकुवे रस्त्यावर बसले होते, शंभर पावलांपर्यंत पसरून. आवाज जसा पुढे गेला तसे जवळचे दोन उडाले. मग त्यांच्या पुढचे दोन. घाबरून नव्हे, कुणाला वाट द्यावी तसे. असे ते एकामागून एक उठत गेले, शेवटच्या पक्ष्यापर्यंत, आणि मग वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही.

ग्लेनिस बराच वेळ रडली. मग नाक पुसून म्हणाली, "मला न सांगता गेला नाही. चालत गेला."

नेव्हनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. आपण म्हातारपणी अशा गोष्टीला मान डोलावू असं त्याला कधी वाटलं नव्हतं, पण त्यानं डोलावली. घरी गेल्यावर मर्लला त्यानं सगळं सांगितलं. त्या रात्री त्याला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

तीन बुधवार गाडी गप्प होती. इतकी गुळगुळीत चालली की ग्लेनिसनं मुद्दाम फोन करून त्याचे आभार मानले, जणू त्यानंच काही केलं होतं.

चौथ्या बुधवारी ती फोनवर आनंदात होती. तो परत आलाय, म्हणाली. मागूनच, डाव्या कोपऱ्यातून, पहिल्यासारखाच. ये ना.

नेव्ह गेला. या वेळी त्यानं मागची सीट दुमडली आणि तिथल्या चटईवर आडवा झाला, कान पत्र्याला लावून. ग्लेनिसनं गाडी सरोवराच्या रस्त्याला घेतली.

आवाज होता. पण घासणं नव्हतं. ठोके हलके होते, लगोलग, भराभर पडणारे. मोठ्या माणसाबरोबर राहण्यासाठी लहान मूल पळत चालतं तसे. नोस्केंच्या घरात लहान मूल वारल्याचं त्याला आठवत नव्हतं. त्याच्याही घरात नाही.

"तोच आहे ना?" ग्लेनिसनं समोरच्या आरशातून विचारलं. तिचा चेहरा खुलला होता.

"ऐकतोय," तो म्हणाला.

त्यानं खिशातून खडू काढला, चटई बाजूला करून आतूनच पत्र्यावर फुली मारली. मग ग्लेनिसनं वादळात उघडलं होतं त्या मागच्या दाराकडे सरकला आणि त्या थंड पत्र्याला कान टेकवला. दाराच्या काचेतून मागे पडत जाणारा रिकामा रस्ता दिसत होता. गाडी ऐंशीनं चालली होती.

दारापलीकडे, अगदी जवळ, कुणीतरी पाय बदलून उभं राहिलं. त्याच्यामागे आणखी कुणीतरी. एकाची काठी टेकली. एकजण आता घसा खाकरणारच, असं वाटलं. त्याच्याही मागे जड बूट होते, आणि त्यामागे अनवाणी पाय, धुळीत हळूच उचलून ठेवलेले. कुणी ढकलत नव्हतं, कुणाला घाई नव्हती.

"किती दिवस लागतील या वेळी?" ग्लेनिसनं विचारलं.

नेव्हनं कान काढला नाही. रांग मागे कुठवर गेली आहे ते तो ऐकत होता.