शेजारच्या सीटचा क्लच

गाडी चढावर थांबली तेव्हा बाईंनी आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं. गाडीत बिघाड असेल हे त्यांच्या मनात यायला वेळ लागला. काही चुकलं की ते आपलंच चुकलं असणार, ही सवय पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांच्या अंगी मुरली होती.

पाय जागेवरच होते. उजवा ॲक्सिलरेटरवर, डावा क्लचपासून वीतभर लांब, खाली टेकलेला. इंजिन जिवाच्या आकांताने ओरडत होतं आणि गाडी पुढे सरकायचं नाव घेत नव्हती. मग ती हळूच मागे घरंगळायला लागली. बाईंनी हँडब्रेक ओढला आणि काच खाली केली. जळकट वास आत आला. चढावरचं तिसरं वळण होतं, कडेला दगडी कठडा, घड्याळात सकाळचे साडेदहा. हळूहळू मागे घेत त्या सपाटीवर आल्या, आणि तिथे गाडी शहाण्यासारखी चालायला लागली.

तेवीस वर्षं ही गाडी सरांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये राबली होती. सर म्हणजे बाईंचे यजमान. सगळं गाव त्यांना सर म्हणायचं, म्हणून बाईही म्हणायच्या. शेजारच्या सीटपुढे शिकवणाऱ्यासाठी क्लच आणि ब्रेकची वेगळी पेडलं होती, एका दांडीने चालकाच्या पेडलांना जोडलेली. त्या सीटवर बसून सरांनी निम्म्या गावाला गाडी शिकवली. बाईंनाही एकदा आठ दिवस शिकवली होती. नवव्या दिवशी जेवायला आलेल्या पाहुण्यांना ते म्हणाले, "हिला वाटतं ही चालवतेय. आठही दिवस क्लच माझ्याच पायाखाली होता." पाहुणे पोट धरून हसले. बाई ग्लासांत पाणी ओतत राहिल्या. नंतर त्यांनी गाडीचा विषय काढला नाही.

चार महिन्यांपूर्वी सर गेले. बाईंनी गावातल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं आणि छप्पन्नाव्या वर्षी लायसन्स काढलं. ते ताईसाठी.

ताई डोंगरावरच्या गावात मुलीजवळ राहायची. एकोणीस वर्षांपूर्वी तिने सरांना तोंडावर सुनावलं होतं, की माझ्या बहिणीला तुम्ही घरातलं कपाट करून ठेवलंय. सरांनी हातातला चहा संपवला. घरी आल्यावर बूट काढता काढता म्हणाले, "आपल्याला आता तिकडे जायचं नाही." तू जाऊ नकोस असं म्हणाले असते तर बाई कदाचित भांडल्या असत्या. 'आपल्याला'शी भांडायचं कसं हे त्यांना कळलं नाही, आणि एकोणीस वर्षं हा हा म्हणता निघून गेली. आता ताईने अंथरूण धरलं होतं. भाचीने तिच्या कानाशी फोन धरला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ये. पण बसने येऊ नकोस. त्याच्याच गाडीत ये, तुझ्या हाताने चालवत. मला बघायचंय."

म्हणून बाईंनी गाडी मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीचं गॅरेज म्हणजे एक लांबट शेड, मागच्या भिंतीला टांगलेले पाने आणि दारात तेल पिऊन काळी पडलेली जमीन. ही गाडी नवी असल्यापासून त्याच्या हाताखालची होती. त्याने बाईंचं म्हणणं ऐकून घेतलं आणि बॉनेट उघडून क्लचच्या तेलाची डबी दाखवली. तेल शाईसारखं झालं होतं.

त्याने समजावून सांगितलं, की या क्लचला तार नाही, तेल आहे. पेडल दाबलं की वरच्या सिलिंडरमधलं तेल पाइपातून खालच्या सिलिंडरमध्ये जातं, तिथून दाब बसतो आणि क्लच सुटतो. पाय काढला की तेल परत वर यायला हवं. ते वाटेत अडकलं तर क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो; इंजिन फिरतं, पण चाकांपर्यंत जोर पोचत नाही. "आतून होस सुजलाय," रबराची नळी बोटांत दाबत तो म्हणाला. "जायला वाट देतो, यायला देत नाही."

नळी बदलली. दोन्ही सिलिंडरांचे रबर नवे घातले. मग पाइपातली हवा काढायची होती. बाई चालकाच्या जागी बसल्या, मिस्त्री गाडीखाली गेला. तो "दाबा" म्हणायचा, "धरा" म्हणायचा, आणि खालचा स्क्रू आवळून झाला की "सोडा" म्हणायचा. पाच-सहा वेळा असं झाल्यावर बाईंचा फोन वाजला. भाचीचा होता. त्या दाराकडे वळल्या आणि पाय बाहेर टाकून बोलू लागल्या. ताईने आज पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"हां, अगदी असंच धरून ठेवा," खालून मिस्त्री म्हणाला. "काय पाय आहे, वहिनी. जरा हलत नाही."

बाईंनी फोन कानाला तसाच ठेवून मागे पाहिलं. पेडल तळाला टेकलेलं होतं. मिस्त्री "सोडा" म्हणाला, आणि ते संथपणे वर आलं.

नव्या रबरामुळे असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. मिस्त्रीला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा निघाल्या आणि पुन्हा तिसऱ्या वळणावर अडकल्या. तोच कठडा, तोच वास. या वेळी मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवला. दोन दिवस त्यात गेले. बाई गेल्या तेव्हा त्याने क्लचची प्लेट पुढे धरली. ती काचेसारखी गुळगुळीत झाली होती, आणि क्लच सोडवणारं बेअरिंग तापून निळं पडलं होतं.

"राग मानू नका," तो म्हणाला, "पण हे क्लचवर पाय ठेवून चालवल्याने होतं. शिकाऊ लोकांची खोड असते."

"मी पाय ठेवत नाही."

"ठेवणाऱ्याला कळत नाही, वहिनी."

बाईंच्या डोक्यात सणक गेली. सरांचं वाक्य, सरांचाच सूर. त्यांनी प्लेट त्याच्या हातून घेऊन बाकावर ठेवली आणि सांगितलं, की नवी घाला आणि माझ्या शेजारी बसून चढापर्यंत चला. माझे पाय बघा.

मिस्त्री आला. शेजारच्या सीटवर त्याने पाय मागे ओढून घेतले, सरांच्या पेडलांना लागू नयेत म्हणून. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तो बाईंच्या डाव्या पायावर नजर ठेवून होता. तिसऱ्या वळणावर त्याने मान वळवली आणि स्वतःच्या पुढ्यात पाहिलं.

शेजारच्या सीटचा क्लच खाली जात होता. झटका नाही, थरथर नाही. वरचं घासून चकचकीत झालेलं रबर मधोमध जरा खोलगट झालं, आणि पेडल तळाला जाऊन टेकलं. इंजिन ओरडायला लागलं.

बाईंनी गाडी मागे घेत सपाटीवर आणली आणि वळवली. गॅरेजात आल्यावर मिस्त्रीने हात धुतले, कोरडे केले, पुन्हा धुतले. मग पाना घेऊन त्याने ती दोन्ही पेडलं दांडीसकट काढली, बाकाखाली टाकली आणि एकटाच गाडी घेऊन चढावर गेला. पाऊण तासाने परत आला. गाडीतून उतरायला त्याने बराच वेळ लावला.

"आता तुमचंच पेडल खाली जातंय," तो म्हणाला.

बाईंनी विचारलं, आता काय करायचं. मिस्त्री म्हणाला, बसने जा. नाहीतर मी दुसरी गाडी देतो. बाईंनी नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या कुणाला इतक्या चटकन नाही म्हणाल्या.

मिस्त्रीने पाना उचलला. मग खाली शिरला आणि नुकतीच बसवलेली नळी त्याने काढून टाकली. तेल डब्यात गळून गेलं. पाइपाचं तोंड त्याने स्क्रू घालून बंद केलं. चांगला दुरुस्त केलेला क्लच त्याने आपल्या हाताने निकामी केला.

"पेडल आणि क्लच यांच्यात आता काही उरलं नाही," तो म्हणाला. "कुणाचाही पाय चालायचा नाही. तुमचासुद्धा."

गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानात त्याने त्यांना क्लचशिवाय गाडी चालवायला शिकवलं. पहिल्या गिअरमध्ये टाकूनच किल्ली फिरवायची. गाडी गचका देऊन निघते. वेग आला की ॲक्सिलरेटर सोडायचा आणि गिअरचा दांडा सैल लागेल त्या क्षणी दुसऱ्यात सरकवायचा. थांबायचं तर किल्ली बंद. बाईंना ते तासाभरात जमलं. मिस्त्री म्हणाला, की सरांना हे कधी जमलं नव्हतं. तो हसला नाही.

त्याच वेळी भाचीचा फोन आला. मावशी, आजच ये.

दुपारी दोनला बाई चढाला लागल्या, दुसऱ्या गिअरमध्ये, एकसारख्या वेगात. खिडक्या उघड्या होत्या. पहिलं वळण. दुसरं.

तिसऱ्या वळणाच्या जरा अलीकडे पेडल खाली गेलं.

गाडी चढत राहिली.

पेडल वर आलं. पुन्हा खाली गेलं, या वेळी जरा जोरात. कठडा मागे पडला. मग ते धाडधाड आपटायला लागलं, वर खाली, वर खाली, बाईंच्या डाव्या पावलापासून वीतभर अंतरावर. पायाखालचा पत्रा हादरत होता.

"दाबा," बाई म्हणाल्या. "हवं तेवढं दाबा."

आवाज थांबला. पेडल वर येऊन स्थिर झालं, आणि पुढचे सगळे चढ त्यांनी वाऱ्याच्या आवाजात पार केले. एकोणीस वर्षं आपण कशाला भीत होतो, एवढाच प्रश्न त्या स्वतःला विचारत होत्या, आणि उत्तराचा त्यांना संताप येत होता.

ताईचं घर रस्त्यालगतच होतं. पुढे खडीचं अंगण, आणि खिडकीशी ओढून लावलेली खाट. बाईंनी किल्ली बंद केली. गाडी गचका देऊन उभी राहिली.

खिडकीच्या काचेमागे ताई होती. उशांना टेकवून बसवलेली, चेहरा मुठीएवढा झालेला. तिने गाडी पाहिली, चालकाच्या जागी बसलेली बहीण पाहिली, आणि हात वर केला.

बाई उतरल्या. त्यांनीही हात वर केला, आणि चालायला गेल्या.

डावा पाय उचलला नाही.

बसून बसून मुंग्या आल्या असतील, असं त्यांना वाटलं. पण मुंग्या आल्या नव्हत्या. तळव्याखालचा खडीचा प्रत्येक दाणा त्यांना कळत होता. पावलाच्या वरच्या बाजूने भार येत होता. फार नव्हता. सरावाच्या माणसाने क्लचवर ठेवावा तेवढाच.

भाची दारात आली. "मावशी, ये ना. थांबलीस का?"

बाईंनी दोन्ही हातांनी गुडघा धरून ओढला. पाय तसूभर हलला नाही. भाचीला काय सांगणार होत्या?

काचेमागचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग खाली आला. एकोणीस वर्षांनी बहीण आली आणि दहा पावलांवर उभी राहिली, आत येईना, एवढंच तिकडून दिसत होतं.

ताईने तोंड भिंतीकडे वळवलं.

बाईंनी खाली पाहिलं. चपलेचा पट्टा मांसात रुतत चालला होता, आणि पायाची नखं एकेक करून पांढरी पडत होती.