हिरव्या कपातला चहा

रुचिमापन केंद्राच्या परीक्षणकक्षात शिरल्याबरोबर इंदुमती शिरगावकरांनी मनगटावरची स्पंदनपट्टी काढली आणि डॉ. तन्वीर मुजावरांच्या टेबलावर ठेवली.

"मला पुसून टाका," त्या म्हणाल्या.

मुजावर या केंद्राचे प्रमुख. त्यांच्या शेजारी बसलेल्या संख्याशास्त्रज्ञ गौतमी कांबळे यांनी पडद्यावरचा आलेख घाईघाईने झाकला.

"आधी बसा की बाई," मुजावर म्हणाले. "काय झालं?"

"काय व्हायचंय? कालचा सिनेमा चांगला होता. मागच्या शुक्रवारचाही चांगला होता. त्याच्या आधीचा, तो दोन बहिणींचा, तोही चांगला. कुठे बोट ठेवायला जागा नाही. मला वीट आलाय चांगल्या सिनेमांचा."

इंदुमतीबाई भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. दर शुक्रवारी पहिला खेळ पाहायचा आणि दुपारी आपलं मत फोनवर बोलून मैत्रिणींना पाठवायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता. ते मत संध्याकाळपर्यंत सगळ्या कोल्हापुरात फिरे. 'नायक म्हणे अन्नाला महाग, आणि घरात इस्त्रीचे पडदे.' 'फौजदाराची बायको रात्रभर रडते आणि सकाळी केसांत ताजा गजरा.' 'शेवटची वीस मिनिटं कशासाठी आहेत, तर दिग्दर्शकाला घरी जायचा कंटाळा आला म्हणून.' बाईंनी हाणलेला सिनेमा महिन्याभरात सगळीकडे आपटायचा आणि बाईंना आवडलेला चालायचा. हे अनेक वर्षं चुकलं नाही, म्हणूनच तर मुजावर त्यांच्या दारात आले होते.

त्या आधी केंद्राने हजारभर प्रेक्षकांना पट्ट्या बांधून त्यांच्या आवडीची सरासरी काढून पाहिली होती. त्या सरासरीवर बेतलेले सिनेमे मऊ भातासारखे झाले. कुणाला बाधले नाहीत आणि कुणाला आवडलेही नाहीत. मग मुजावरांनी ठरवलं, हजार जणांची सरासरी नको, एकच पक्की, ठाम आवड हवी. बाईंच्या मनगटावर पट्टी आली. सिनेमा पाहताना त्यांची नाडी, घाम, श्वास कुठे कसे बदलतात याच्या नोंदींवरून यंत्रात त्यांचा एक 'प्रतिप्रेक्षक' तयार झाला. आता कुठलाही सिनेमा प्रदर्शनापूर्वी आधी हा प्रतिप्रेक्षक पाहत असे. तो जिथे वैतागेल तिथे 'चित्रसंस्कारक' नावाचं यंत्र दृश्य बदलून टाकी. नटाला परत बोलवायला नको, सेट उभारायला नको. पडद्यांची इस्त्री मोडायची, गजरा सुकवायचा, वीस मिनिटं कापायची. मग सिनेमा थेटरात यायचा आणि तोच सिनेमा खऱ्या इंदुमतीबाई शुक्रवारी पाहायच्या.

"तुमच्या मनातलं सगळं खटकणं आम्ही आधीच काढून टाकतो," मुजावर समजावू लागले. "म्हणजे तुम्हाला त्रास नाही. हे वाईट कसं?"

"माझ्या घरचे बोलायचे थांबले," इंदुमतीबाई म्हणाल्या.

"म्हणजे?" मुजावरांनी विचारलं.

वामनराव शिरगावकर दूध संघातून निवृत्त झालेले. लग्न झाल्यापासून दोघांनी एकही शुक्रवार चुकवला नव्हता. त्यांचा एक नियम होता. सिनेमा चालू असताना तोंडातून अक्षर काढायचं नाही. जे बोलायचं ते मध्यंतरात, वडा खाताना. बाई सिनेमाची सालं काढायच्या आणि वामनराव त्याची बाजू घ्यायचे. "अगं, गजरा फ्रिजमध्ये ठेवला असेल." "रडणारी बाई फ्रिज उघडते होय?" एवढ्यावरून घंटा होईपर्यंत जुंपायची. दीड वर्षापूर्वी वामनरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण शब्द ओठाशी येऊन परत जायचे. वाचोपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, यांना शब्द शिकवून उपयोग नाही, बोलायची ओढ लागली पाहिजे. पहिला शब्द मध्यंतरातच आला होता. इंदुमतीबाईंनी एका सिनेमाला भिकार म्हटलं आणि वामनराव कष्टाने म्हणाले, "ना...ही." त्या दिवशी बाईंनी दोन वडे जास्त घेतले होते. पुढे 'उगाच' आला, 'पण' आला. आणि मग चित्रसंस्कारकाचे सिनेमे यायला लागले. बाईंना खोड काढता येईना, त्यामुळे वामनरावांना बाजू घेता येईना. दोघं समोरासमोर वडा खायचे आणि आत जाऊन बसायचे.

"खोटी खोड काढायची होती," गौतमी हळूच म्हणाली.

"काढली. गाणं लांबलं म्हटलं. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान फिरवली. इतकी वर्षं संसार केलाय, मी खोटं बोलते तेव्हा त्यांना कळतं." बाई पुढे वाकल्या. "मला त्यांचा आवाज पाहिजे हो. बाकी काही नको."

"पण नोंदींत हे कुठेच दिसलं नाही," मुजावर म्हणाले.

"मध्यंतराची नोंद आपण घेतच नाही सर," गौतमी म्हणाली. "खाणं, बोलणं, जिने चढणं, सगळी गडबड असते म्हणून पट्टी बंद ठेवतो."

मुजावरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. इतके दिवस त्यांनी बाईंचा वैताग मोजला होता. तो वैताग कशासाठी जपून ठेवला जातो ते त्यांच्या यंत्राला ठाऊकच नव्हतं. पण म्हणून प्रतिप्रेक्षक पुसता येत नव्हता. साऱ्या निर्मात्यांचं काम त्याच्यावर अडलं होतं. शिवाय आणखी एक लचांड होतं, ते गौतमीने झाकलेला आलेख उघडून दाखवलं. रेघ जमिनीला टेकली होती.

"बाई, तुम्ही कंटाळलात तसा तोही कंटाळलाय," मुजावर म्हणाले. " तुमच्या ताज्या नोंदी मिळाल्या तरच तो तुमच्यासारखा राहतो, म्हणून नव्या नोंदीला आम्ही जुनीपेक्षा कितीतरी जास्त वजन देतो. पण तुम्ही आता जे पाहता ते त्यानेच चाळलेलं. तुमची नाडी हलत नाही. मग त्याचीही हलत नाही. हल्ली तो कशालाच नाही म्हणत नाही."

"म्हणजे मी थकले म्हणून तो थकला?"

"हो. आम्हाला फक्त एक जिवंत नोंद हवी. न चाळलेला, कच्चा सिनेमा इथेच बसून पाहा. ती शेवटची. नंतर पट्टी बांधायची नाही, तुम्ही मोकळ्या. प्रतिप्रेक्षक त्या नोंदीवर पुढे चालेल."

"आणि यंत्राला कसं कळणार मला कशानं काय झालं?"

"वजाबाकीनं," गौतमी म्हणाली. "नाडी उसळली त्या क्षणी पडद्यावर काय काय होतं ते बघायचं. त्यातलं जे आधी शेकडो वेळा पाहूनही तुम्ही हलला नव्हतात ते वगळायचं. उरेल ते कारण."

इंदुमतीबाईंनी टेबलावरची पट्टी उचलली. मग म्हणाल्या, "हे शेजारी बसणार असतील तर पाहते."

केंद्राच्या छोट्या प्रेक्षागृहात दोघं बसली. कच्चा सिनेमा दोन भावांच्या वाटणीचा होता आणि खरोखरच वाईट होता. थोरला भाऊ रागावला की खिडकीशी जाऊन उभा राहायचा आणि तो सारखा रागावत होता. वर्षापूर्वी इंदुमतीबाईंनी एवढ्यावर त्याची साल काढली असती. आज त्यांनी नुसतं पाहिलं. खिडकी, भाऊ, पुन्हा खिडकी. राग येण्यासाठीसुद्धा अंगात थोडा जीव लागतो आणि तो संपला होता. बाहेरच्या खोलीत गौतमी आलेखाकडे बघून मान हलवत होती.

दोघे भाऊ टेबलाशी बसले. थोरल्याने हिरव्या कपातला चहा एका घोटात संपवला, रिकामा कप दिसेल असा समोर ठेवला आणि जमिनीविषयी बोलू लागला. कॅमेरा धाकट्याकडे गेला आणि परत आला. हिरवा कप काठोकाठ भरलेला होता. वर वाफसुद्धा होती.

शेजारून एक हात वर झाला. वामनरावांचा डावा हात. बोट पडद्याकडे.

"च...हा!" वामनराव म्हणाले.

चालू सिनेमात. सगळा जन्म पाळलेला नियम ते विसरले होते, किंवा त्यांना तो पाळायचा नव्हता. इंदुमतीबाईंच्या छातीत काहीतरी एवढ्या जोरात उसळलं की त्यांनी खुर्चीचा हात धरला. डोळे भरून आले, समोरचं काही दिसेना. पट्टीने सगळं टिपलं. बाहेर आलेखाची रेघ जमिनीवरून उठली ती थेट चौकटीच्या वर गेली.

"सर, एवढा आनंद आपण कधीच मोजला नव्हता," गौतमी म्हणाली.

यंत्राने वजाबाकी केली. टेबलाशी बसलेली माणसं बाईंनी शेकडो वेळा पाहिली होती, ती वगळली. वाटणीचं भांडण वगळलं. खिडकी वगळली. उरला तो फक्त रिकामा होऊन आपोआप भरलेला हिरवा कप. शेजारच्या खुर्चीला पट्टी नव्हती.

त्यानंतर जे सिनेमे आले ते चाळून आले, पण वेगळे चाळून आले. थकलेला प्रतिप्रेक्षक आता खोड काढत नव्हता. इस्त्रीचे पडदे परत आले, गजरे ताजे झाले. मात्र एका गोष्टीसाठी तो हटून बसे. न्यायालयातल्या सिनेमात न्यायमूर्तींसमोर हिरवा कप आला, रिकामा झाला आणि भरला. पाणबुडीच्या सिनेमात कप्तानाने चहा संपवला आणि स्फोट झाल्यावर कप भरलेला निघाला. पेशवाईवरच्या सिनेमात सरदाराच्या हातात कानाचा हिरवा कप पाहून इतिहासाचे अभ्यासक भांडले. समीक्षकांनी त्यावर लेख लिहिले. कुणी त्याला अतृप्तीचं प्रतीक म्हटलं, कुणी काळाच्या चक्राचं. निर्माते कुरकुरले, पण कप काढला की प्रतिप्रेक्षकाची पसंती घसरायची, मग काढायचा कोण?

मुजावरांनी एकदा न राहवून फोन केला. "बाई, त्या कपात तुम्हाला नक्की काय आवडलं?"

"मला चहा आवडतो," इंदुमतीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. सांगितलं असतं तर त्यांनी यंत्र दुरुस्त केलं असतं.

आता त्यांच्या मनगटावर पट्टी नव्हती. कपाचा त्यांना एव्हाना कंटाळाच आला होता; सिनेमे पुन्हा वाईट झाले होते आणि वयही वाढत होतं. पण दर शुक्रवारी अंधारात तो डावा हात वर व्हायचा आणि "चहा" ऐकू यायचं, दर खेपेला थोडं अधिक स्पष्ट. मागचे-पुढचे प्रेक्षक हसायचे. बाईंचे डोळे दर वेळी भरून यायचे.

एका शुक्रवारी मध्यंतरात वडा हातात धरून वामनराव बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "मु...द्दाम."

"काय मुद्दाम?"

"कप."

ते बरोबर होते. इतक्या वर्षांच्या भांडणात ते पहिल्यांदाच शंभर टक्के बरोबर होते, आणि हो म्हटलं तर बोलणं तिथेच संपणार होतं.

"मुद्दाम कसलं? चूक आहे ती," त्या म्हणाल्या. "आंधळे आहेत सगळे."

वामनरावांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. बाईंना वाटलं, आता मान फिरवतील.

"खोटं... बोलतेस, इंदू."

झटका आल्यापासून त्यांनी बाईंचं नाव घेतलं नव्हतं. बाईंनी वडा खाली ठेवला.

"बरं, मुद्दाम तर मुद्दाम," त्या कशाबशा म्हणाल्या. "पण कशासाठी करतील हो असं कुणी?"

वामनराव शब्द शोधत राहिले. घंटा झाली. लोक आत गेले, वडेवाल्याने कढईवर झाकण ठेवलं. बाई जागच्या हलल्या नाहीत.

"कुणाला तरी... आवडत... असेल."

पदराने इंदुमतीबाईंनी डोळे पुसले. आतून संवादांचा आवाज येत होता, उत्तरार्ध सुरू झाला होता आणि आत जायचं कुणालाच सुचलं नाही.

"पण," वामनराव पुढे म्हणाले आणि त्यांनी तोंड वाकडं केलं. "हिरवा... भि...कार."

बाईंनी झटकन मान वर केली.

"काय वाईट आहे हो त्या हिरव्या कपाला?" त्या म्हणाल्या, आणि या वेळी त्या अजिबात खोटं बोलत नव्हत्या.