पडताळणीचा माणूस

लोखंड तासणाऱ्या लेथच्या कारखान्यामागे, लोखंडी किसाच्या ढिगावर माणूस पालथा पडला होता. कवटी मागून फुटलेली. चकचकीत कीस रक्त पिऊन काळा पडत चालला होता. मारणाऱ्यानं एका घावावर भागवलं नव्हतं. हात थकेपर्यंत मारलं होतं.

मेलेला माणूस सरकारी पडताळणी अधिकारी. गुप्त संदेशांच्या कचेरीत नोकरी हवी, तर आधी असा माणूस दारी येतो. उमेदवाराचं गणगोत, मैत्री, भांडणं, सगळं चाळून पाहतो. इथली उमेदवार कारखान्याला लागूनच राहणारी, कारखानदाराची भाची. आईबाप गेल्यावर तिला आणि तिच्या भावाला या मामानंच वाढवलेलं. भाऊ चाकूहल्ल्यात तुरुंग भोगून आलेला. प्रेताजवळ सापडला तोच, कोपरापर्यंत रक्तानं माखलेला.

"उचलायला गेलो होतो," एवढंच तो म्हणाला. मग जिभेला कुलूप. कोठडीत हवालदारानं त्याचा ओठ फोडला. रक्त आलं, शब्द आला नाही. फौजदारबाईंनी हवालदाराला बाहेर घालवलं आणि त्या कारखान्यात गेल्या.

भाची रडत नव्हती. भावाचा तुरुंग तिनं पहिल्याच मुलाखतीत सांगून टाकला होता. त्याआधी शेजारीण बजावत होती, लपव गं, नाहीतर घरी बसशील.

"मग का सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"भाऊ आहे माझा. उशीखाली लपवू?"

मामाच्या कानांत वर्षानुवर्षांचा गोंगाट मुरला होता. बाईंना प्रत्येक प्रश्न दोनदा विचारावा लागला. आपण लेथवर होतो, साहेबांशी बोलणंच झालं नाही, भाच्याची तर अजून गाठही पडलेली नाही, असं तो सांगत राहिला. शेवटी त्यानं हात जोडले.

"पोरगा तापट आहे, बाई. पण बहिणीला निकालात काढल्यावर कुणाचं रक्त उसळणार नाही?"

बाई तडक पडताळणीच्या कचेरीत गेल्या. तिथल्या वरिष्ठांनी सांगितलं, मयतानं सकाळीच होकार कळवला होता, फक्त घरभेट उरली होती. दोष असलेली माणसं आम्ही घेतो, म्हणाले. दोष दडवणारी नाही. मग कारखान्यामागच्या अंगणातून मयताचा फोन आला. मागे लेथ किंचाळत होतं, म्हणून तो ओरडून एकच वाक्य बोलला.

ते वाक्य घेऊन बाई परतल्या. सोबत बेड्या घातलेला भाचा. लेथ फिरतच होतं.

"मामा, पोरीला निकालात काढलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मामानं भाचीकडे पाहिलं. तिनं नकारार्थी मान हलवली.

"तिनं नाही. भाचा कोठडीत होता. साहेबांशी तुमचं बोलणं नाही. आणि तसं झालंही नव्हतं. तो फोनवर ओरडला, 'पोरीचं प्रकरण आजच निकाली काढतो.' कचेरीत त्याचा अर्थ, काम पुरं करतो. तुमच्या कानानं ऐकलं, 'निकालात.' म्हणजे पोरगी मोडीत. ही चूक तो फोन ऐकणाराच करू शकतो. तुम्ही लेथ चालू ठेवून मागच्या दारानं गेलात आणि हातातली सळई त्याच्या डोक्यात घातलीत."

मामानं कान पुढे केला.

"म्हणजे... नोकरी मिळाली होती?"

"मिळाली होती."

जखमी जनावरासारखा तो हंबरला आणि ज्या हातानं मारलं तोच हात फिरत्या लेथमध्ये घालायला धावला. दोन बोटं गेली. तिसरं जाण्याआधी भाचा बेड्यांसकट त्याच्या अंगावर कोसळला. दोघं रक्तात, किसात लोळले.

"तू यांना सळई धुताना पाहिलं असणारस," बाई म्हणाल्या. "बोलला का नाहीस?"

"यांच्या हातानं जेवलो मी," भाचा धापा टाकत म्हणाला. "नाव कसं घेऊ?"

मामाला गाडीत घातलं. भाची दारात उभी होती.

"आता माझं काय, बाई?"

"कचेरीला कळणारच. दुसऱ्याकडून कळलं तर नोकरी गेली समज. तुझ्या तोंडून कळलं तर निदान विचार तरी होईल."

तिनं ओढणीनं गालावर उडालेलं मामाचं रक्त पुसलं. कचेरीला फोन लावला. पलीकडून आवाज आला.

"माझ्याबद्दल आणखी एक सांगायचंय," ती म्हणाली. "ज्यांनी मला वाढवलं, त्यांनीच तुमचा माणूस मारला. ते माझे मामा आहेत. अजूनही आहेत."