निघण्याआधी थोडं बस

"तू माझ्या तापमापकावर उभा आहेस," मी म्हणाले.

त्याने खाली पाहिलं. बर्फात खोचलेली माझी बारीक नळी त्याच्या स्केटखाली वाकली होती.

"मला वाटलं, बर्फावर उभा आहे," तो म्हणाला आणि हसला.

ते हसणं मला मुळीच आवडलं नाही. घरी पोचेपर्यंत मी चिडलेली होते, जेवतानाही चिडलेलीच... तेव्हाच शंका यायला हवी होती.

रशियात, चेल्याबिन्स्कमधल्या आमच्या लहानशा आइस हॉकी क्लबात मैदानाचा बर्फ राखणं हे माझं काम. पदार्थविज्ञान शिकून पाणी गोठवतेस, असं आई म्हणते. तापमापक वाकवणारा तो रोद्योन, आमच्या संघातला सगळ्यात वेगवान पोरगा. दोन वर्षांपूर्वी एका अमेरिकन संघाने त्याला निवडून ठेवलं होतं आणि इथला करार वसंतात संपणार होता. जाणार की राहणार? भाजीवालीसुद्धा त्याला हेच विचारायची. मी कधी विचारलं नाही. सराव संपला की तो माझ्या बाकावर यायचा, माझा लिंबाचा चहा संपवायचा, आणि मी त्याच्याहून आठ महिन्यांनी मोठी म्हणून मला आजीबाई म्हणायचा. मी एकच गोष्ट मागितली होती. ठरलं की आधी मला सांग. सांगेन, म्हणाला होता.

आणि मला कळलं ते उपाहारगृहातल्या तोन्या मावशीकडून. तुझा रोद्या चालला म्हणे अमेरिकेला, असं ती बटाट्याचं सारण भरलेले पाव, पिरोझ्की, गरम करता करता म्हणाली.

दुपारी तो आला. छतावरचा बर्फ वितळून पत्र्यावरून टपटपत होता. त्याने भली मोठी बॅग खाली ठेवली आणि काही न बोलता बाकावर बसला. मला समजलं. आमच्याकडे लांबच्या प्रवासाआधी सगळ्यांनी क्षणभर गप्प बसायचं, मोठ्या माणसाने आधी उठायचं, मग निघायचं. न बसता निघालेल्याचं काही धड होत नाही. पदार्थविज्ञानाला हे मान्य नाही. मला आहे.

म्हणून मी उभीच राहिले.

"बस ना, ताया."

"तोन्या मावशीबरोबर बस. तिला सगळं माहीत असतं."

त्याने मान खाली घातली. प्रशिक्षकांना विचारलं, आईला विचारलं, एजंटला तर तीनदा विचारलं, असं तो सांगत राहिला. नावागणिक माझे कान तापत गेले.

"आणि मला?"

"तू 'जा' म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. मग?"

"मग मला राग आला असता," तो पुटपुटला. "तू 'थांब' म्हणावंस असं वाटत होतं... आणि म्हणू नयेस, असंही."

"मूर्ख आहेस. उत्तर मला ठाऊक होतं, रोद्या. मला प्रश्न हवा होता."

बाहेर टॅक्सीचा भोंगा वाजला. तो हातमोजा पिळत राहिला.

"जाऊ... ताया?"

मी बसले. त्याच्यापासून हातभर लांब, कारण राग गेला नव्हता. दोघेही गप्प. समोर नुकतंच पाणी मारलेलं मैदान हळूहळू गोठत होतं.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," तो म्हणाला.

"बसल्यावर बोलायचं नसतं," मी भडकले. "आता पुन्हा पहिल्यापासून बसावं लागेल."

आम्ही पुन्हा बसलो. या वेळी अंतर वीतभर होतं. जरा वेळाने तो तेच वाक्य पुन्हा बोलला, अगदी मुद्दाम. मग पुन्हा पहिल्यापासून. टॅक्सीवाला वैतागून भोंगा वाजवत होता, आणि रोद्योनचा खांदा माझ्या खांद्याला टेकला होता.

"उन्हाळ्यात येशील तेव्हा नवा तापमापक आण," मी म्हणाले. "माझंही आहे."

आता बोलले मी होते. म्हणून आणखी एकदा बसलो.

या वेळी तो बोलला नाही. मी वाट पाहिली... तरी बोलला नाही.

मग मी उठले. मोठी मी होते ना.