मकरदुर्गाचे टाके

वैशाखातली पहाट होती. खाडीच्या मुखाशी भर दर्यात उभ्या असलेल्या मकरदुर्गाच्या काळ्या तटावर उजेड चढू लागला, तेव्हा पहारेकऱ्यांना गनिमाची गलबते कालच्याच जागी नांगर टाकून उभी दिसली. या किल्ल्याला ना झरा होता, ना विहीर. पावसाळ्यात खडकाच्या उतारांवर आणि सदरेच्या छपरांवर पडणारे पाणी दगडी चरांतून वाहत मधोमध कोरलेल्या टाक्यात साठे आणि पुढचा पाऊस येईतो गडावरची माणसे त्याच पाण्यावर जगत. वेढा पडल्यापासून किल्लेदार सुभानराव इंगळे जातीने उभे राहून माणशी एक तांब्या पाणी वाटीत आणि आपला तांब्या सर्वांच्या शेवटी भरीत. ज्येष्ठात दर्या खवळला की गनिमाला माघारी फिरणे भागच होते. तेवढे दिवस पाणी पुरले की किल्ला राखला.

त्या पहाटे तटाच्या पोटातून पाण्याचा घोष उठला.

टाक्यातला गाळ काढण्यासाठी तळाशी एक मोरी होती. समुद्राच्या बाजूने दगड बसवून ती चुन्याने पक्की बुजवलेली असे. तो दगड कोणीतरी पहारीने उचकटला होता आणि साठवलेले गोडे पाणी धो धो समुद्रात चालले होते. गवंडी बाहेरून दगड लावू पाहत, तर लोट त्यांना दगडासकट मागे फेकी.

"बाहेरून मोरी बंद व्हायची नाही, सरकार," हरबा तांडेल मुजरा करून म्हणाला. दरसाल टाक्यात उतरून गाळ काढणारा कोळी तो. त्याच्यासारखा पाणबुड्या त्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता. "मी आतून बोळा लावतो. पाण्याचाच दाब त्याला धरून ठेवील. तोवर गवंड्यांनी बाहेरून दगड बसवावा."

"आणि मोरीने तुम्हालाच ओढले तर?"

"कमरेला दोर बांधतो. दोर माझ्या बायकोच्या हाती राहील. मी हिसका दिला की तिनं ओढायचं."

घोंगडीत काथ्या गुंडाळून केलेला बोळा छातीशी धरून हरबा पाण्यात दिसेनासा झाला. त्याची बायको हिरकू काठावर दोर धरून उभी राहिली. थोड्याच वेळात बाहेरचा घोष मंदावला आणि तटावर जयजयकार उठला. तोच दोराला हिसका बसला. हिरकूने जिवाच्या आकांताने ओढले, तशी मोरी पुन्हा गर्जू लागली. एकटा बोळा टिकत नव्हता. हरबाने तो आपल्या अंगाने दाबून धरला होता आणि तो हलला की पाणी सुटत होते.

"ओढा बाई, ओढा! पाणी गेले तर जाऊ द्या!" असे ओरडत खुद्द किल्लेदारांनी दोराला हात घातला.

दोर एकाएकी हलका झाला. वर आला तो रिकामा. कुठे तुटला नव्हता. हरबाने खाली गाठ सोडली होती.

मोरी शांत झाली. बाहेर गवंड्यांनी डोळे पुसत दगड बसवला, त्यावर चुना लिंपला. टाक्यात पुरुषभर पाणी वाचले होते.

हरबाचा देह वर काढून सदरेसमोर ठेवला, तेव्हा टाक्याच्या पहाऱ्यावरचा नाईक चांगो गर्दीतून पुढे आला. हिरकूचा तो थोरला भाऊ. त्याने तलवार किल्लेदारांच्या पायांशी ठेवली.

"दगड मी काढला, सरकार."

हिरकूने मान वर केली. "दादा?"

"माझी बायको आणि दोन्ही लेकी त्यांच्या गलबतावर आहेत, हिरकू. काठावरच्या गावातून उचलून नेल्या. टाके रिते कर, किल्ला हाती आला की तिघींना सोडतो, असा निरोप घेऊन त्यांचा माणूस तटाखाली पोहत आला होता. पाणी संपलं की दरवाजा उघडेल, कुणाचा जीव जाणार नाही, असं मला वाटलं. हरबा उतरेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं."

सुभानरावांनी पायांशी ठेवलेली तलवार उचलून शिपायाच्या हाती दिली. मग म्हणाले, "नाईक, आधी आमच्याकडे आला असता, तर तुमच्या लेकींसाठी आम्ही गलबतांवर चालून गेलो असतो. आता आमच्या हाती काही ठेवले नाहीत. पश्चिम बुरुजावरून कडेलोट."

चांगोने मान लववली. "कबूल आहे. फक्त घोटभर पाणी मिळावं."

कोणी हलले नाही. सकाळपासून साऱ्यांचे घसे सुकले होते, तरी ज्या पाण्यात हरबाने प्राण सोडला त्याला शिवायला कोणी तयार नव्हते. हरबाने जीव देऊन राखलेले पाणी असेच पडून राहणार आणि उद्या दरवाजा उघडावा लागणार, हे किल्लेदारांना दिसत होते. पण पी म्हणून हुकूम कोणाला करायचा?

हिरकू उठली. तांब्या घेऊन टाक्याच्या पायऱ्या उतरली, भरून वर आली आणि सर्वांदेखत स्वतः प्याली. मग भावापुढे तांब्या धरला.

"घे, दादा."

"तुझ्या हातून कसा घेऊ?"

"दुसरं कोण देणार तुला?"

तो प्याला. अर्धे पाणी त्याच्या दाढीवरून ओघळले. शिपाई त्याला बुरुजाकडे घेऊन गेले, तेव्हा ती नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसली आणि मागे वळली नाही. त्या दुपारी गडावरची माणसे एकेक करून खाली मान घालून टाक्याशी आली, पाणी प्याली.

ज्येष्ठात दर्या उसळला आणि गलबते नांगर उचलून निघून गेली. किल्लेदारांनी हिरकूला जमीन इनाम देऊ केली.

"जमीन नको, सरकार. होडी द्या. माझ्या भाच्या कुठं आहेत ते बघते."

पावसाळा सरल्यावर ती एकटी निघाली. बंदरामागून बंदर पालथे घातले. वहिनीचा पत्ता लागला नाही. थोरली भाची तापाने गेल्याचे एका खलाशाने सांगितले. धाकटी येसू मात्र दूरच्या एका बंदरात, सावकाराच्या घरी भांडी घासताना सापडली. हिरकूने हातातले चांदीचे कडे दिले आणि पोरीला सोडवून आणले. होडी बंदराबाहेर पडली.

"आत्या," येसू म्हणाली, "ते म्हणायचे, तुझ्या बाबानं एक काम केलं की तुम्हाला सोडू. बाबानं ते केलं नाही का?"

हिरकूच्या हातातले वल्हे थांबले.

"केलं गं, बाय," ती म्हणाली. "तुमच्यासाठी केलं त्यानं."

आणि नवरा गेला तेव्हा, भाऊ गेला तेव्हाही जी रडली नव्हती, ती त्या पोरीला पोटाशी धरून भर दर्यात हंबरडा फोडून रडली.