रिकाम्या टाकीतला बर्फ

रेवाआत्यानं व्हॅनचं मागचं दार उघडलं आणि ती तशीच उभी राहिली. पंपाशेजारच्या गाळणीची वाटी मधोमध तडकली होती. फटीतून बर्फाची पांढरी कड बाहेर डोकावत होती.

"काल संध्याकाळी मी स्वतः टाकी रिकामी केली," ती म्हणाली. "थेंबसुद्धा ठेवला नव्हता. मग हा बर्फ आला कुठून?"

तिची भाची केतकी हिनं वाकून पाहिलं. टाकीच्या तळाशीही चकतीसारखा बर्फ जमला होता.

ही गोष्ट २०६३ सालातली. लडाखच्या पठारावर सौरविजेची मोठी केंद्रं उभी राहिली आणि कामासाठी आलेली काही मराठी कुटुंबं लेहमध्येच स्थिरावली. रेवाआत्या तिथे गालिचे धुण्याची व्हॅन चालवायची. व्हॅनमधल्या टाकीतलं पाणी तापायचं, पंप ते लांब नळीतून जोरानं फेकायचा, आणि दुसरी नळी मळकं पाणी परत ओढून घ्यायची. व्हॅन उंच, त्यामुळे कुठल्याच गॅरेजात मावत नसे. रात्री ती अंगणातच असायची.

उद्या सकाळी मराठी मंडळाच्या सभागृहातलं जाजम धुवायचं होतं. मागच्या वेळी त्यावर समईचं तेल सांडलं होतं. उद्या संध्याकाळी कीर्तन, आणि उघड्या फरशीवर लेहच्या थंडीत पाच मिनिटंही बसवत नाही.

"वाटी जादाची आहे माझ्याकडे," आत्या म्हणाली. "पण आज रात्री उणे बावीस सांगितलंय. पंप फुटला तर नवा यायला घाटातला रस्ता उघडावा लागेल. म्हणजे महिना. कीर्तनही गेलं आणि माझा हिवाळाही गेला."

आबा, म्हणजे केतकीचे आजोबा, थंड प्रदेशातल्या संशोधन केंद्रातून निवृत्त झाले होते. त्यांनी फुटकी वाटी हातात घेऊन फिरवली.

"बर्फ आला कुठून ते नंतर पाहू. आधी सांग केतकी, पाण्यानं वाटी फोडली कशी?"

"थंडीनं प्लॅस्टिक आकसलं असेल."

"मग फट आतल्या बाजूला दबली असती. ही तर बाहेर फुगलीय. एक काम कर. काचेच्या दोन सारख्या बाटल्या आण. एक काठोकाठ भर आणि बूच घट्ट लाव. दुसरी अर्धीच भर. दोन्ही कापडात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेव."

"एवढी थंडी असताना फ्रीजर कशाला?"

"ऊन आलंय म्हणून. आणि तुझी आत्या म्हणते, मी फ्रीजर उगाच घेतला. तेवढाच त्याचा उपयोग होऊ दे."

दुपारी कापड उलगडलं. भरलेल्या बाटलीचे तुकडे झाले होते, अर्धी बाटली शाबूत होती.

"बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात," आबा म्हणाले. "पाणी फुगतं. दहा लिटर पाण्याचा जवळजवळ अकरा लिटर बर्फ होतो. अर्ध्या बाटलीत फुगायला जागा होती, भरलेलीत नव्हती."

"पण पाणीच का फुगतं?"

"आपलं कीर्तन आठव. जाजमावर माणसं कशी बसतात?"

"खेटून. मांडीला मांडी लागते."

"पाण्याचे रेणू (पदार्थाचे अतिशय सूक्ष्म कण) तसेच असतात. दाटीवाटीनं बसलेले, सतत चुळबुळ करणारे. आता शेवटी गजर सुरू झाला आणि सगळी उठून एकमेकांचे हात धरून कडं करू लागली, तर?"

केतकीनं डोळ्यांपुढे चित्र आणलं. "कड्याच्या मध्ये मोकळी जागा राहील. माणसं तेवढीच, पण जाजम पुरणार नाही."

"बस्स. गोठणबिंदू (ज्या तापमानाला द्रव घट्ट होतो ते तापमान) आला की पाण्याचे रेणू हात धरून कडी करतात. मधली पोकळी वाढते आणि पाणी जागा मागतं. नळी देत नसेल तर ती फोडून घेतं."

"मग देवानं पाण्याला ही खोड का लावली?"

"लावली म्हणून तर बर्फ पाण्यापेक्षा हलका होऊन तरंगतो. तो तळाशी बुडाला असता तर तळी खालून गोठत आली असती. आता वर बर्फाचं पांघरूण आणि खाली मासे सुखात. पंप बनवणाऱ्यानं मात्र त्याचा विचार केलेला नसतो."

संध्याकाळी आत्यानं टाकी पुन्हा रिकामी केली. केतकी खिडकीत बसून पाहत राहिली. दिवेलागण झाली. स्वयंपाकघरातून गोंदू बाहेर आला. गोंदू हा त्यांचा घरकामाचा यंत्रमानव. त्याच्या हातात तांब्या होता. तो शांतपणे व्हॅनपाशी गेला, टाकीचं झाकण उघडलं आणि तांब्या आत ओतला.

"आत्या, चोर सापडला," केतकी म्हणाली.

गोंदूला सगळ्यांसमोर उभं केलं गेलं.

"रेवाताई, तुम्हीच शिकवलंत," तो म्हणाला. "तिन्हीसांजेला पाण्याचं भांडं रिकामं ठेवायचं नाही. घागर, कळशी, माठ, सगळ्यांत थोडं तरी पाणी हवं. काल तुम्ही मला व्हॅनची टाकी दाखवलीत आणि म्हणालात, हेही आपलं पाण्याचं भांडंच."

आत्यानं कपाळाला हात लावला. "हा माझं ऐकतो ते नेमकं नको तिथे."

"तळातलं पाणी उतारानं गाळणीत आणि पंपात उतरलं," आबा म्हणाले. "काल पंप वाचला, कारण शेजारचं इंजिन बराच वेळ कोमट होतं. उणे बाविसात ते लवकर निवेल."

"गोंदू, यापुढे टाकी रिकामीच ठेवायची," आत्या म्हणाली.

गोंदू थांबला. "दोन आज्ञा जुळत नाहीत, ताई."

केतकी म्हणाली, "आबा, रेणूंना हातच धरू दिले नाहीत तर? मध्येच कुणी येऊन बसलं तर?"

आबांनी तिच्याकडे पाहिलं आणि कोठीतून गुलाबी द्रवाचा कॅन आणला. "हे गोठणरोधक (पाण्याचा गोठणबिंदू खाली नेणारं द्रव्य). पाण्यात निम्मं मिसळलं की उणे तीसलाही घट्ट होत नाही. याचे लांबोडके रेणू पाण्याच्या रेणूंमध्ये घुसून बसतात. कडं जमतच नाही."

मग काम सुरू झालं. टाकी पूर्ण उपसली. गाळणीला जादाची वाटी बसवली. नळ्यांत हवा सोडून अडकलेलं पाणी बाहेर काढलं. टाकीत थोडं गुलाबी मिश्रण ओतून आत्यानं पंप चालवला, तोटीतून गुलाबी धार येईपर्यंत.

केतकीनं विचारलं, "गोंदू, आता भांडं रिकामं आहे?"

त्यानं आत वाकून पाहिलं. "नाही."

"मग झालं तर."

सकाळी उणे तेवीस होतं. आत्यानं बटण दाबलं. पंपानं एक कण्हल्यासारखा आवाज काढला, थांबला, आणि मग नेहमीसारखा घरघरू लागला. आत्यानं सोडलेला श्वास हवेत पांढरा दिसला. गुलाबी मिश्रण पुन्हा वापरायला कॅनमध्ये परत घेतलं, नळ्या साध्या पाण्यानं धुतल्या आणि व्हॅन सभागृहाकडे निघाली.

"गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्रावर जाड बर्फ आहे," वाटेत आबा म्हणाले. "त्याखाली समुद्र असावा असं मानतात. तिथे पाठवायच्या यंत्रांनाही पाणी गोठू कसं द्यायचं नाही, हा तुझाच प्रश्न पडणार."

"मी जाईन तेव्हा गोंदूला नेणार नाही," केतकी म्हणाली.

संध्याकाळी स्वच्छ जाजमावर माणसं मांडीला मांडी लावून बसली. बुवांनी निरूपण संपवून गजर धरला. सगळी उठली, हात हातात गेले, कडं पसरत गेलं. काठावरच्या आबांचे पाय जाजमावरून सरकून गार फरशीवर आले. त्यांनी केतकीकडे पाहिलं. तीही फरशीवरच होती, आणि तिनं हात सोडला नव्हता.